विषय अख्ख्या नदीचा, प्रश्न एका गल्लीचा

दिवाळीची सुट्टी संपली की ज्युनिअर्सचे मेसेज सुरू होतात, ताई प्रोजेक्टला विषय सुचव ना, सोमवारी सिनॉप्सिस द्यायचाय. मी भूगोल घेऊन बीए केलं, शेवटच्या वर्षी गोदावरीच्या पुरावर प्रबंध लिहिला, म्हणून मला विचारतात, आणि मला खरंच आवडतं त्याबद्दल बोलायला, पण फोनवर सांगताना अर्धं राहून जातं म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतेय. विषय सुचवणं सोपंय हो. गोदावरीचं प्रदूषण, द्राक्षं, कांदा, सिंहस्थ, अंबडची औद्योगिक वसाहत, नाशिकमधे बसल्या जागी पन्नास विषय निघतील. खरी अडचण त्याच्या पुढे आहे. विषय हातात असतो आणि प्रश्नच नसतो, मग जे मिळेल ते गोळा होत राहतं, पेनड्राइव्ह भरतो, झेरॉक्सचा गठ्ठा वाढतो आणि फेब्रुवारी येतो तरी पहिलं पान कोरंच.

याला मुलं आळशी असतात वगैरे कारण देतात ते मला अजिबात पटत नाही. पहिलीपासून टीवायपर्यंत आपण दुसऱ्याने काढलेल्या प्रश्नांची उत्तरं लिहितो, टिपा लिहा, फरक स्पष्ट करा, सविस्तर चर्चा करा. आणि मग एका वर्षी अचानक सांगतात की प्रश्न तू काढ, उत्तरही तूच शोध आणि ते खरं कशावरून तेही तूच सांग. ही मोठी उडी आहे आणि ती कशी मारायची हे बहुतेक ठिकाणी कोणी शिकवत नाही, मुखपृष्ठ कसं असावं आणि समास किती सोडावा याचा कागद मात्र मिळतो.

माझा विषय होता गोदावरीचा पूर आणि नाशिक शहर. माझ्या गाइड मॅडमनी कागद बघितला आणि एवढंच विचारलं, यात तू विचारतेयस काय? मी म्हटलं पुराची कारणं, परिणाम, उपाय. त्या म्हणाल्या हे तर अकरावीच्या पुस्तकातपण आहे, तुला काय जाणून घ्यायचंय? उत्तर द्यायला मला बरेच आठवडे लागले आणि ते आठवडे वाया गेले असं मी कधीच म्हणणार नाही, कारण प्रबंधाचं निम्मं काम त्याच काळात झालं.

झालं असं की मी आधी मोठ्या प्रश्नासाठी आकडे शोधायला लागले. पूर का येतो, तर गंगापूर धरणातून पाणी सोडतात म्हणून, असं शहरात सगळे म्हणतात. धरण १९६५ चं, मातीचं, शहराच्या वरच्या अंगाला. पावसाळ्यात रोज बातमी असते, गंगापूरमधून इतके क्युसेक, म्हणजे सेकंदाला इतके घनफूट पाणी, आणि शहरातल्या होळकर पुलाखालून इतके क्युसेक. आता हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून बघा, पुलाखालचा आकडा बऱ्याचदा मोठा असतो, कारण धरणाच्या खाली आणि शहरात जो पाऊस पडतो त्याचंही पाणी नदीतच येतं. म्हणजे पूर धरणामुळे किती आणि खालच्या पावसामुळे किती हे सांगायचं तर तासातासाची नोंद पाहिजे, नदीच्या पात्राचे आडवे छेद पाहिजेत आणि ते गणित येणारा माणूस पाहिजे. बीएच्या एका वर्षात एका मुलीला ते झेपण्यासारखं नाही.

मग पाऊस घेतला. हवामान खात्याचा पुण्याहून मिळणारा रोजचा पाऊस फुकट आहे, १९०१ पासूनचा, फार मोठी गोष्ट आहे ती. पण तो अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाच्या चौकोनात आहे, चौकोनाची एक बाजू पंचवीस-सत्तावीस किलोमीटर. जुन्या नाशकातला सराफ बाजार आणि पार लांबचं सातपूर त्यात एकच. मग उंचीचा नकाशा घेतला, नासाच्या शटलवरून फेब्रुवारी २००० मधे मोजलेला, तोही फुकट, क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमधे उघडतो, एक ठिपका तीस मीटरचा. आता जुन्या नाशकातली गल्ली डोळ्यांसमोर आणा. एका ठिपक्यात दोन्ही बाजूंची दुकानं, त्यांच्यावरचे मजले आणि मधला रस्ता असं सगळं एकत्र, आणि रडारने मोजलेलं असल्यामुळे गच्च्यांची उंचीपण त्यात मिसळलेली. त्यावर निळा रंग भरून पूरनकाशा म्हणून चिकटवता येतो, छान दिसतो, पण दुकानाच्या उंबऱ्यावर पाणी आलं की नाही हे तो सांगू शकत नाही.

मी ज्युनिअर्सना हे इतकं सविस्तर सांगते कारण माझा प्रश्न इथेच सापडला. हे आकडे किती जवळून बघू शकतात ते कळलं तेव्हाच त्यांना न दिसणारं काय आहे तेही कळलं, आणि जे त्यांना दिसत नव्हतं ते मला सिटी बसच्या तिकिटाच्या खर्चात बघता येत होतं. गल्लीतली माणसं. तर प्रश्न असा झाला: सराफ बाजार आणि भांडी बाजारातले दुकानदार पुराच्या दिवशी माल हलवायचा की नाही, आणि कधी, हे कशावरून ठरवतात? मॅडम म्हणाल्या आता बोल.

नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे पूर मोजायची एक जागा आहे, गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती. उंच उभी मूर्ती, दोन्हीकडे तोंड, आणि पाणी वाढायला लागलं की अख्खं शहर त्याच्या अंगावरून बोलतं, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला, गळ्याला. तुम्ही म्हणाल ही लोकांची बोलायची पद्धत झाली, यात अभ्यास काय. मी उलट म्हणते की हे मापच आहे. क्युसेक म्हणजे पाणी किती वाहतंय, ते ऐकून दुकानदाराला आपल्या पायरीचं काही कळत नाही. मारुतीच्या कमरेला पाणी म्हणजे भांडी बाजाराच्या कोणत्या टोकाशी पाणी, हे त्याला वाडवडलांपासून पाठ असतं. मी हाच धागा धरला आणि प्रत्येक दुकानात विचारत गेले, मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं की तुम्ही उठता?

आणि उत्तरं एकसारखी नव्हती. खालच्या बाजूची दुकानं लवकर उठतात हे अपेक्षितच होतं. पण एकमेकांना लागून असलेल्या, पायरी सारखीच असलेल्या दोन दुकानांचे निर्णय वेगळे निघाले आणि ते मालावर अवलंबून होते. पितळेची, स्टीलची भांडी भिजली तर धुता येतात, वजन मात्र प्रचंड, हलवायला माणसं लागतात, आणि पुराच्या दिवशी हमाल मिळत नाहीत कारण सगळ्यांना एकाच वेळी पाहिजे असतात. म्हणून भांडीवाले वरच्या फळीवर नाजूक वस्तू आणि खोकी चढवतात आणि बाकीचं राहू देतात. कापडवाल्याचं ठाण एकदा भिजलं की संपलं, तो सगळ्यात आधी हलतो, अंदाज चुकला आणि पाणी आलंच नाही तरी त्याला चालतं. सराफाचा माल पिशवीत मावतो, त्याची चिंता वेगळीच, फर्निचर, तिजोरीचा खालचा कप्पा आणि गर्दीत माल घेऊन निघायचं कसं याची. हे मला कुठल्याही वाचलेल्या पेपरात मिळालं नव्हतं. कुणी मोठं संशोधन केलं असं मी म्हणत नाहीये, पण हे गल्लीत उभं राहिल्याशिवाय कळलं नसतं एवढं नक्की.

आता मुलाखतींबद्दल, कारण इथे सगळ्यांची दमछाक होते. गुगल फॉर्म पाठवून काही होत नाही. साठी ओलांडलेले काका तुमची लिंक उघडणार नाहीत आणि उघडलीच तरी सगळीकडे होय होय दाबतील. प्रत्यक्ष जा. धनत्रयोदशीच्या आसपास सराफ बाजारात पाऊल टाकू नका, लग्नसराईत भांडी बाजारात जाऊ नका, दुपारी दोन ते चार जा, तेव्हा गिऱ्हाईक कमी असतं आणि माणसं निवांत असतात. पहिल्यांदा गेलात की प्रश्नावली काढू नका, ओळख करून द्या, कॉलेज सांगा, नाव छापणार नाही हे स्पष्ट सांगा, रेकॉर्डिंग करायचं तर विचारूनच. सराफांना तर अनोळखी मुलीने तुम्ही माल कसा आणि कुठे हलवता असं विचारलं तर संशय येणारच की, आणि तो यायलाच पाहिजे. मी तो प्रश्न कुठे नेता यापाशी कधीच नेला नाही, कधी आणि कशावरून एवढंच विचारलं, आणि प्रबंधातपण दुकानांची जागा कळेल असं काही लिहिलं नाही.

दुसरी अडचण आठवणींची. सप्टेंबर २००८ चा पूर, २ ऑगस्ट २०१६ चा आणि ४ ऑगस्ट २०१९ चा, हे तीन बाजारातल्या जवळपास सगळ्यांनी पाहिलेले आणि मोठी माणसं १९६९ च्या पुराबद्दलही बोलतात. पण आठवणी एकमेकींत सरकतात. एकच काका आधी म्हणाले सोळाला पाणी काउंटरपर्यंत होतं, थोड्या वेळाने म्हणाले नाही नाही ते एकोणीसला. ते खोटं बोलत नव्हते, तीन वर्षांच्या अंतराने, दोन्ही वेळी ऑगस्टच्या सुरुवातीला, त्याच गल्लीत पाणी आलं तर कुणाचीही गल्लत होईल. मग मी साल विचारणं सोडून दिलं आणि घरातल्या गोष्टी विचारायला लागले. तेव्हा मुलगा कितवीत होता, दुकानाचं शटर नवीन होतं की जुनं, दादांचं लग्न झालं होतं का. त्यावरून साल पक्कं व्हायचं. आणि पाणी कुठपर्यंत हे तोंडी न घेता बोट ठेवून दाखवायला लावायचे, मग टेपने पायरीपासून मोजायचं. काही भिंतींवर, खांबांवर खुणा होत्या, रंगाचा फरक, ओलीची रेघ, एका ठिकाणी खिळ्याने ओढलेली रेष. दोन वेगळ्या माणसांनी न ठरवता एकच उंची दाखवली तरच ती तक्त्यात घेतली, बाकीच्या वेगळ्या ठेवल्या आणि वेगळ्या का ठेवल्या तेही लिहिलं.

आणि यातूनच एक गोष्ट बाहेर आली जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सराफ बाजार आणि दहीपुलाकडे पाणी येतं ते दरवेळी गोदावरीतून वर चढलेलं नसतं. सरस्वती नाला रस्त्याखालून जातो, जोरदार पाऊस झाला की तोच भरून रस्त्यावर येतो, नदी तेव्हा अजून घाटातच असते, मारुतीचे पायसुद्धा कोरडे असू शकतात. म्हणजे ज्या दुकानदाराची सगळी भिस्त मारुतीवर आहे त्याला या दुसऱ्या पाण्याची आगाऊ सूचना काहीच मिळत नाही, आणि मिळते तेव्हा पाणी पायरीवर असतं. माझ्या तक्त्यात काही उंच्या कुठल्याच पुराशी जुळत नव्हत्या आणि मी त्या काढून टाकायच्या बेतात होते, मॅडम म्हणाल्या थांब, परत जाऊन विचार, पाणी कोणत्या बाजूने आलं. परत गेले, विचारलं, तर उत्तर आलं की वरून आलं, नदीकडून नाही. न जुळणारी नोंद ही सगळ्यात जपून ठेवायची नोंद असते हे मी तिथे शिकले आणि आता प्रत्येक ज्युनिअरला सांगते.

लोक सांगतात ते प्रबंधात कसं लिहायचं हा अजून एक पेच. घाटावरच्या नारोशंकर मंदिराची घंटा घ्या. मंदिर १७४७ चं, घंटेवर १७२१ साल कोरलेलं आहे, वसईच्या विजयानंतर पोर्तुगिजांकडून आलेली म्हणतात. आणि जुनी माणसं सांगतात की पूर चढला की ही घंटा वाजायची आणि गावाला कळायचं. किती सुंदर आहे हे, आणि घालावंसं तर वाटणारच. पण मला ती वाजलेली ऐकणारं प्रत्यक्ष कुणी भेटलं नाही, सगळे आजोबा सांगायचे असंच म्हणाले. मग मी ते पुराची सूचना देण्याची व्यवस्था म्हणून लिहिलं नाही, तर बाजारात पुराची आठवण कशी सांगितली जाते या भागात, सांगणाऱ्यांच्या तोंडूनच ठेवलं. दोन्ही ठिकाणी वाक्य जवळपास तेच आहे, पण एका ठिकाणी तो पुरावा होतो आणि दुसऱ्या ठिकाणी ती आठवण राहते. ही जागा ठरवणं म्हणजेच प्रबंध लिहिणं असं मला वाटतं, बाकी टायपिंग आहे.

भाषेचं बोलायलाच पाहिजे. वाचन सगळं इंग्रजीत, मुलाखती मराठीत, आणि लिहायचं कशात? आमच्याकडे दोन्ही चालत होतं. बरेच जण इंग्रजी घेतात कारण पुढे उपयोगी पडेल, आणि मग चार इंग्रजी पेपरांतली वाक्यं थोडी इकडेतिकडे करून जोडतात कारण स्वतःचं वाक्य त्या भाषेत अजून येत नसतं. मी मराठीत लिहिलं आणि माझं स्पष्ट मत आहे की ज्याला विचार मराठीत सुचतो त्याने पहिला प्रबंध मराठीतच लिहावा. दुकानदार जे बोलले ते मला त्यांच्या शब्दांत ठेवता आलं, इंग्रजीत ते सगळे रिस्पॉन्डंट झाले असते. एक व्यावहारिक सूचना, टायपिंग युनिकोडमधेच करा. डीटीपीवाले अजूनही बऱ्याचदा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधे मागतात, फाइल बदलताना जोडाक्षरं आणि रफार तुटतात, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री दोनशे ठिकाणी अर्धा र शोधत बसायची वेळ येते. दुकानात आधीच विचारून घ्या की युनिकोडची पीडीएफ जशीच्या तशी छापाल का. छापतात.

संदर्भ साहित्याचा आढावा हा भाग सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो कारण तो अमुक यांनी असे म्हटले, तमुक यांनी तसे म्हटले अशी यादी होऊन बसतो. शोधगंगा या वेबसाइटवर पीएचडीचे प्रबंध फुकट आहेत, ते उघडा, पण पूर्ण वाचायला बसू नका. त्यांनी प्रश्न कसा मांडला, माहिती कुठून आणली, काय करता आलं नाही हे बघा, तेवढं वाचून वहीत प्रत्येकी चार-पाच ओळी स्वतःच्या शब्दांत लिहा. सार्वजनिक वाचनालयात जाऊन १८८३ चं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटिअर मागा, हे वाचनालयच १८४० पासूनचं आहे, आणि तिथे दीडशे वर्षांपूर्वीचा आपला घाट शब्दांत वाचायला मिळणं हा वेगळाच आनंद आहे. एआयकडून संदर्भ मागू नका. मी आत्ताच्या एका मुलीचा मसुदा वाचत होते, त्यात तीन पेपर होते, नावं अगदी खरी वाटणारी, शोधायला गेले तर अस्तित्वातच नाहीत. तिला कल्पनाही नव्हती. आणि साहित्यचोरीचं म्हणाल तर युजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, म्हणून मुलं तो आकडा खाली आणायला शब्द बदलत बसतात. वही बंद करून लिहिलं तर आकडा आपोआप खाली असतो.

लिहिणं शेवटी ठेवू नका हे सगळेच सांगतात, कसं ते मी सांगते. मॅडमनी आम्हाला दर आठवड्याला एक पान मागितलं, कुठल्याही प्रकरणाचं चालेल, अर्धवट चालेल, पण वाक्यात पाहिजे, मुद्दे नकोत. मुद्द्यांत सगळं बरोबर वाटतं. म्हणून, कारण, तरीही हे शब्द वाक्यात लिहायला लागलं की कळतं की या दोन गोष्टींचा संबंध मला अजून माहीतच नाहीये. गाइड मिळणं नशिबावर आहे हे मला माहितीये, एकेका शिक्षकाकडे वीस-पंचवीस मुलं असतात, लेक्चर, पेपर तपासणी, इलेक्शन ड्युटी, त्यातून ते तरी किती वाचणार. पण एक पान घेऊन गेलात तर ते उभ्या उभ्या वाचतात, चाळीस पानं घेऊन गेलात तर ठेवून जा म्हणतात. मला हे फार मनाला लागतं कारण आता चार वर्षांची पदवी आलीये, युजीसीच्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के असतील तर चौथ्या वर्षी संशोधन घेता येतं आणि त्यात प्रबंधालाच १२ क्रेडिट आहेत. १२ क्रेडिटचं काम देता तर शिक्षकाच्या वेळापत्रकात त्या वाचनाचे तास दिसलेच पाहिजेत, कॉलेजांनी हे मनावर घ्यायला पाहिजे.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, एवढ्या छोट्या भागावरून शहराबद्दल काय सांगता येईल? मी म्हटलं सर, शहराबद्दल नाही सांगता येणार, या दोन बाजारांबद्दल सांगता येईल, आणि एवढंच की धोक्याची सूचना क्युसेकमधे दिली तर इथल्या माणसाला तिचा अर्थ लावता येत नाही आणि नाल्याच्या पाण्याची तर सूचनाच नसते. त्यांनी पुढचे सगळे प्रश्न त्या तक्त्यावरच विचारले, कुठली उंची कुणी दाखवली, कशी पक्की केली, आणि मला प्रत्येकाचं उत्तर देता आलं कारण प्रत्येक ओळ मी स्वतः उभं राहून घेतली होती.

आता सिंहस्थ २०२७ चा आहे, घाटावर कामं चालू आहेत, पायऱ्या, भिंती, रंग सगळं बदलतंय, आणि बाजारातल्या जुन्या इमारतीपण एकेक करून पाडून नव्या होतायत. खांबांवरच्या ज्या खुणा मी मोजल्या त्यातल्या काही आत्ताच नाहीत. घाटावर बसणारे बुधवारच्या बाजारातले भाजीवाले माझ्या अभ्यासात नव्हते, त्यांना हलायला सगळ्यात कमी वेळ मिळतो आणि त्यांच्याकडे वरची फळीपण नसते. पंचवटीच्या बाजूची दुकानं नव्हती. गाडगे महाराज पुलाखालचे छोटे विक्रेते नव्हते. भूगोलाच्या, समाजशास्त्राच्या, अर्थशास्त्राच्या कुणाला यातलं काही करायचं असेल तर माझा उंच्यांचा तक्ता, प्रश्नावली आणि मोजायची पद्धत मी द्यायला तयार आहे, दुकानदारांची नावं त्यात नाहीत. फक्त मे महिन्याच्या आत सुरुवात करा, पाऊस यायच्या आधी भिंती कोरड्या असतात तेव्हा ओलीची रेघ स्पष्ट दिसते.